ईश्वरचिठ्ठी, मुक्काम रिचमंड

कॅमेऱ्यात रोल घालायचे दिवस होते तेव्हा रोलची रिकामी डबी कुणी टाकून देत नसे. आमच्या देवघरात एकीत कुंकू, दुसरीत अंगारा. अशाच दोन डब्यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात बहुमताचा निकाल लावला.

नोव्हेंबर 2017. प्रतिनिधीगृहाच्या जागा शंभर. रिपब्लिकनांचं 66-34 असं दणदणीत बहुमत मतमोजणीत पार काठावर आलं. न्यूपोर्ट न्यूज शहराच्या 94व्या मतदारसंघात रिपब्लिकन डेव्हिड यान्सी दहा मतांनी पुढे होते. डिसेंबरात फेरमोजणी झाली, तर डेमोक्रॅट शेली सिमंड्स एका मताने विजयी! तो आनंद एक रात्र टिकला. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांपुढे बाद ठरवलेली एक मतपत्रिका आली.

मला सगळं कुतूहल या कागदाचं. दोघांच्याही नावापुढचे गोल भरलेले, आणि सिमंड्सच्या गोलावर एक तिरकी रेघ. खोडलं म्हणावं, तर त्याच मतदाराने गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन उमेदवाराचा गोल भरून त्यावरही फुली मारलेली. मग याची फुली होकाराची की नकाराची? न्यायाधीशांनी मत यान्सींना दिलं. 11,608 विरुद्ध 11,608. (लिबर्टेरियन पक्षाचा तिसरा उमेदवारही होता, सहाशेहून जास्त मतं घेऊन गेला. त्याने कुणाची खाल्ली, यावर आपल्याकडे पाच वर्षं पारावर वाद रंगला असता.)

4 जानेवारी 2018 ला राजधानी रिचमंडमध्ये चिठ्ठ्या डब्यांत घातल्या, डब्या कलासंग्रहालयाकडून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या वाडग्यात. निवडणूक मंडळाचे अध्यक्ष जेम्स अल्कॉर्न यांनी एक उचलली. यान्सी. सभागृह 51-49. दुसरी डबी हाती लागती, तर 50-50.

2017 च्याच फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या 220व्या प्रभागात शिवसेना-भाजपची मतं सारखी झाली, तिथंही चिठ्ठीच काढावी लागली. आपण तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतो. देवाचं नाव आलं की हरणाऱ्याची भांडायची सोय संपते. व्हर्जिनियात मात्र बोट दाखवायला ती तिरकी रेघ होती.

2019 मध्ये याच दोघांत पुन्हा लढत झाली. सिमंड्स जिंकल्या, वाडगा लागला नाही. मतदारांच्या रांगेत कदाचित तो रेघवालाही असेल. या खेपेला गोल जपून भरला असावा.