ऑनलाइन दुकान सुरू करताय? पेमेंट कंपनी निवडताना फक्त 'टक्का' बघू नका

दिवाळी जवळ आली की इन्स्टाग्रामवर फराळाचे बॉक्स, खणाच्या पर्स, हाताने रंगवलेल्या पणत्या आणि टेराकोटाचे दागिने दिसायला लागतात. घरातून चालणाऱ्या अशा बऱ्याच व्यवसायांची पद्धत साधी असते. मेसेजमध्ये ऑर्डर घ्यायची, यूपीआयचा क्यूआर पाठवायचा आणि ग्राहकाचा स्क्रीनशॉट आला की पार्सल कुरिअरला द्यायचं.

दिवसाला पाच ऑर्डर असतील तोवर हे जमतं. पन्नास झाल्या की कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले, हे शोधण्यातच रात्र जाते. त्यात खोटा स्क्रीनशॉट पाठवून माल नेणारेही भेटतात. मग स्वतःची वेबसाइट काढायचं ठरतं आणि प्रश्न येतो, पैसे घ्यायचे कुणामार्फत?

रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअव्हेन्यू, फोनपे अशी बरीच नावं समोर येतात. ज्याचा टक्का कमी, तो आपला, असं बहुतेकांना वाटतं. पण ग्राहकाने दिलेले पैसे तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत कुणाकडे थांबतात, किती दिवस थांबतात आणि अडकले तर काय होतं, हे जास्त महत्त्वाचं आहे.

गेटवे आणि अ‍ॅग्रीगेटर यात फरक काय?

बोलताना आपण सगळ्यालाच 'पेमेंट गेटवे' म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेटवे फक्त तंत्रज्ञान पुरवतो, म्हणजे व्यवहाराची माहिती इकडून तिकडे नेतो. पैशाला तो हात लावत नाही. पेमेंट अ‍ॅग्रीगेटर मात्र ग्राहकांचे पैसे आधी स्वतःकडे गोळा करतो आणि नंतर दुकानदाराला देतो. छोट्या दुकानदाराचा संबंध येतो तो बहुतेक वेळा अ‍ॅग्रीगेटरशी.

दुसऱ्याचे पैसे हाताळायचे म्हणजे परवाना आलाच. १७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने यासाठी नियम आणले. बँक नसलेल्या कंपनीला अर्ज करताना किमान १५ कोटी रुपयांची नेटवर्थ हवी आणि पुढे ती २५ कोटींवर न्यायला हवी. दुकानदारांचे पैसे कंपनीच्या स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाहीत. ते बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यातच ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये हे नियम नव्याने एकत्र करण्यात आले आणि ऑनलाइन, प्रत्यक्ष दुकानातले आणि परदेशी व्यवहार अशा तीन गटांत अ‍ॅग्रीगेटरची विभागणी झाली.

म्हणून पहिलं काम म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरची परवानाधारक अ‍ॅग्रीगेटरची यादी उघडून तुमच्या कंपनीचं नाव बघणं. ब्रँडचं नाव आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव वेगळं असू शकतं, त्यामुळे नोंदणीकृत नावाने शोधा.

यूपीआय फुकट आहे, मग कापतात कशाचे?

कार्ड किंवा यूपीआयने पैसे घेताना दुकानदाराकडून जी रक्कम कापली जाते, तिला एमडीआर म्हणतात. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवरचा एमडीआर शून्य आहे. बाकीच्या डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला ऑनलाइन व्यवहारात जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याहून मोठ्यांना ०.९० टक्के. क्रेडिट कार्डांवर अशी कमाल मर्यादा नाही.

तरीही बिलात यूपीआयसमोर रक्कम दिसू शकते. त्याची दोन कारणं आहेत. एक, शून्य असतो तो एमडीआर. चेकआउटचं पान, डॅशबोर्ड, रिफंडची सोय या सेवेसाठी कंपनी 'प्लॅटफॉर्म फी' वेगळी लावू शकते. दोन, ग्राहकाने यूपीआयला बँक खात्याऐवजी रुपे क्रेडिट कार्ड किंवा वॉलेट जोडलेलं असेल, तर त्या व्यवहाराचे नियम वेगळे होतात. वॉलेटमधून यूपीआयने २,००० रुपयांच्या वर पैसे दिले तर एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यापर्यंत इंटरचेंज लागू आहे.

यूपीआयवरून महिन्याला होणाऱ्या व्यवहारांनी ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींचा आकडा ओलांडला. हे सगळं चालवण्याचा खर्च कुणीतरी उचलतंच. छोट्या दुकानदारांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी केंद्र सरकारने २०२४-२५ या वर्षात बँका आणि कंपन्यांना १,५०० कोटींचं प्रोत्साहन देण्याचं ठरवलं. थोडक्यात, आजची 'फुकट' सेवा सरकारी धोरणावर उभी आहे. त्यामुळे मालाची किंमत ठरवताना हा खर्च कायम शून्यच राहील असं धरून चालू नका.

दोन टक्के म्हणजे नक्की किती?

समजा, २,५०० रुपयांची साडी कुणी क्रेडिट कार्डवर घेतली आणि दर आहे २ टक्के. फी झाली ५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ९ रुपये. तुमच्या हातात आले २,४४१ रुपये.

५९ रुपये फार वाटत नाहीत. पण त्या साडीवर तुमचा नफा ५०० रुपये असेल, तर नफ्यातला जवळपास १२ टक्के वाटा इथेच गेला. ग्राहकाने साडी परत केली तर त्याला पूर्ण २,५०० द्यावे लागतात, पण आधी कापलेली फी बहुतेक योजनांमध्ये परत मिळत नाही. कपड्यांसारख्या धंद्यात, जिथे माल परत येण्याचं प्रमाण जास्त असतं, तिथे दरापेक्षा हा नियम महाग पडतो.

ही फी ग्राहकाकडून वसूल करावी, असा विचार मनात येईल. पण डेबिट कार्डवरचा एमडीआर ग्राहकावर टाकायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. किंमत ठरवतानाच तो खर्च धरलेला बरा.

पैसे खात्यात कधी येणार?

विक्री झाली त्याच क्षणी पैसे खात्यात येत नाहीत. 'टी प्लस २' असं लिहिलेलं असेल तर व्यवहारानंतर कामकाजाच्या दोन दिवसांनी पैसे येणार. मध्ये रविवार किंवा सुट्टी आली की ते आणखी लांबतं. रोज १०,००० रुपयांची विक्री असेल तर कधीही बघा, २० ते ३० हजार रुपये वाटेतच असतात. तूप आणि सुकामेवा रोखीने घेणाऱ्या फराळवाल्या ताईंसाठी ही मोठी रक्कम आहे. लगेच पैसे हवे असतील तर काही कंपन्या तशी सोय देतात, पण त्याची फी वेगळी.

दुसरा मुद्दा पैसे रोखून धरण्याचा. विक्री अचानक वाढली, ग्राहकांच्या तक्रारी आल्या किंवा कागदपत्रं जुळली नाहीत, तर करारानुसार कंपनी तुमचे पैसे थांबवू शकते. ऐन सणात असं झालं तर धंदाच बसतो. म्हणून करारातलं 'सेटलमेंट' आणि 'होल्ड' हे भाग सही करण्याआधी वाचा.

ग्राहकाचे पैसे कापले गेले, पण ऑर्डर नोंदलीच गेली नाही, असंही होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत जायला हवेत. उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. चिडलेल्या ग्राहकाला उत्तर देताना हा नियम माहीत असलेला बरा.

कंपनीवरच बंधनं आली तर?

हे फक्त कागदावरचं भय नाही. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले. डिसेंबर २०२२ मध्ये रेझरपे आणि कॅशफ्री यांना नवे ऑनलाइन दुकानदार जोडणं थांबवावं लागलं. अंतिम परवाना मिळून ते पुन्हा सुरू व्हायला वर्ष गेलं. पेटीएमच्या पेमेंट कंपनीवर असंच बंधन नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि ते उठायला ऑगस्ट २०२५ उजाडला. जगभर नाव असलेली स्ट्राइप २०२४ पासून भारतात फक्त निमंत्रणावर नवे ग्राहक घेते.

यातल्या कंपन्या लहान नव्हत्या. जोडलेल्या दुकानदारांचं काम अशा बंधनांत चालू राहू शकतं, पण नवं दुकान काढणाऱ्याला दार बंद असतं. म्हणून एकाच कंपनीवर अवलंबून राहू नका. दुसऱ्या कंपनीचं केवायसी आधीच करून ठेवलं तर अडचणीच्या दिवशी दुकान बंद ठेवावं लागत नाही.

परदेशातून ऑर्डर आली तर?

न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या मराठी घरांतूनही फराळाच्या ऑर्डर येतात. परदेशी कार्ड घेण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते आणि तिचे दरही देशातल्या कार्डांपेक्षा जास्त असतात. शिवाय त्या कंपनीकडे परदेशी व्यवहारांची मंजुरी आहे का, तेही तपासा. निर्यातीच्या पैशांसाठी पेपालचा पर्याय मात्र अजूनही आहे.

मग निवडायचं कसं?

कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला की हे प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर मागा.

१. रिझर्व्ह बँकेचा ऑनलाइन अ‍ॅग्रीगेटरचा अंतिम परवाना आहे का?
२. बँक खात्यातून आलेल्या यूपीआय व्यवहारावर एकूण किती कापणार?
३. पैसे किती दिवसांत येणार आणि कुठल्या कारणांनी थांबवणार?
४. रिफंड केल्यावर फी परत मिळते का?
५. ग्राहकाने बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितले, तर पुरावे द्यायला किती दिवस मिळतात?
६. तक्रारीसाठी नोडल अधिकारी कोण? नियमानुसार ही माहिती जाहीर असायला हवी.

तुमच्या बाजूनेही तयारी लागते. पॅन, दुकानाच्या नावाशी जुळणारं बँक खातं, वेबसाइटवर पत्ता, रिफंडचे नियम आणि गोपनीयता धोरण. हे नसेल तर अर्ज तिथेच अडकतो. आणि ग्राहकाचा कार्ड नंबर लिहून ठेवू नका. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार आणि अ‍ॅग्रीगेटर दोघांनाही तो साठवता येत नाही.

वेबसाइट लगेच काढायची नसेल तर याच कंपन्यांची 'पेमेंट लिंक' वापरून सुरुवात करता येते. प्रत्येक ऑर्डरची वेगळी लिंक गेली की पैसे कुणाचे आले ते डॅशबोर्डवरच कळतं आणि स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. महिनाभर तसं करून बघा. यूपीआयने किती जण देतात, कार्डवर किती, परत किती येतं, हे तुमचे स्वतःचे आकडे हातात आले की दोन टक्के महाग की स्वस्त, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल.