तासावारी संशोधन

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला, म्हणजे ज्याला सगळे ‘सीएचबीवाला’ म्हणतात त्याला, शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. वाचनाचे नाहीत, सुट्टीचे नाहीत. नव्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. नेट-सेट झालेले, पीएचडी मिळवलेले तरुण वर्षानुवर्षे असे राबतात आणि आपण त्याला बेरोजगारीचा प्रश्न म्हणून मोकळे होतो. आमच्या मते तोटा त्यांच्या संसारापुरता नाही. त्यांच्या हातून व्हायचे ते संशोधनच होत नाही. आंदर मावळातल्या वाचकाला याचे उदाहरण लांब शोधायला नको. दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. राहणे पुण्यात, जाणे-येणे डेक्कन क्वीनने. कान्हे, कामशेत त्यांच्या वाटेवरच. कार्ल्याची लेणी, देवींची ठाणी, सूक्ष्मास्त्रांच्या जागा त्यांनी पायी धुंडाळल्या, त्यातून १९६२ साली ‘मिथ अँड रिॲलिटी’ आले. असे काम एका फेरीत उरकत नाही. त्याच डोंगराला पुन्हापुन्हा जावे लागते. आणि तासिकेवरच्या इतिहासाच्या प्राध्यापकाचे मानधन थांबते ते नेमके उन्हाळ्यात, माळ कोरडा आणि वाट मोकळी असताना.

यावर कोणी म्हणेल, इतिहास ही कोसंबींची नोकरी नव्हती आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंडामागून खंड काढणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांना तर विद्यापीठाचे पदच नव्हते. खरे आहे. पण कोसंबींच्या भटकंतीमागे सुमारे १६ वर्षे गणिताचा पगार होता, आणि राजवाड्यांइतका हट्टी माणूस पिढीत एखादाच. हालअपेष्टांवरच विद्या पोसायची म्हटले, तर संशोधन त्यालाच परवडेल ज्याच्या घरी आधीच पैसा आहे. घरातली पहिली पदवी घेणारी मावळातली मुलगी त्यात कुठेच नसेल.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: एवढ्या पीएचडींना नोकऱ्या कुठून आणायच्या? पदवीबरोबर पदाची हमी कोणी मागूही नये. पण इथे प्रश्न असलेल्या कामाचा आहे. राज्याने २०१८ साली सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांना मान्यता दिली, भरली १,४९२. उरलेल्या २,०८८ पदांसाठी २०२१ साली पुन्हा मान्यता द्यावी लागली. मधल्या काळात वर्ग भरत होते, परीक्षा होत होत्या. कायमचे काम कंत्राटावर करून घेण्याची ही रीत टाकव्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या घरांना निराळी समजावून सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हालाही आहे; मात्र जुने लेख नि पोथ्या वाचणार कोण, याचे उत्तर त्या घोषणेत नाही.

पदे भरेपर्यंत निदान नेमणूक तीन वर्षांची आणि मानधन बारा महिन्यांचे असावे, एवढी मागणी अवाजवी नाही. वाचकांनी मत मागायला येणाऱ्याला ती ऐकवावी, आणि पोरांना कॉलेजात घालताना विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती, हे प्रवेश खिडकीवर विचारावे.