धाड पडली तर...

मसाज पार्लरवर पोलिसांची धाड, अशी बातमी वाचली की आपण नाक मुरडतो आणि पान उलटतो. पण मैत्रिणींनो, गुडघेदुखीसाठी मालिश करून घ्यायला गेलेली एखादी साधी बाईही त्या वेळी आत असू शकते. तिनं काय करायचं?

अशा धाडी बहुधा 1956च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे 'पिटा'खाली पडतात. त्याचा मुख्य रोख कुंटणखाना चालवणाऱ्यांवर आणि दलालांवर आहे. नुसत्या मालिशसाठी जाणं हा गुन्हा नाही. मात्र फसवून आणलेल्या मुलीचं जाणूनबुजून शोषण करणारं गिऱ्हाईक सुटत नाही. भारतीय न्याय संहितेत त्याला कैद आहे.

'पिटा'खालच्या झडतीत किमान दोन महिला पोलीस हव्यातच. सूर्यास्तानंतर बाईला सहसा अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. नाव-पत्ता खरा सांगा. अटक झालीच तर कारण विचारा, घरी कळवायला लावा, वकील मागा. कोऱ्या कागदावर सही मुळीच नको. पैसे दिल्याची पावती जपून ठेवा.

खरी धास्ती तुरुंगाची नसतेच, 'लोक काय म्हणतील' याची असते. कुणी 'मिटवून टाकू' म्हणत पैसे मागतो, तो याच धास्तीच्या जोरावर. देऊ नका. आणि घरच्यांनीही आधी तिच्या पाठीशी उभं राहावं. प्रश्न काय, मागाहूनही विचारता येतात.