कोणत्या तक्त्यावर मोजता?

पुणतांब्याच्या पट्ट्यात सोयरीक जुळवायला फार लांब जावे लागत नाही. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, फार तर गोदावरीपलीकडचे वैजापूर. मामाची मुलगी करून घेण्याची रीतही अनेक घरांत मोडलेली नाही. अशा गावात उद्या खून झाला, घटनास्थळी रक्ताचा डाग सापडला आणि तो संशयिताच्या डीएनएशी जुळला, तर प्रयोगशाळा न्यायालयाला सांगेल की असा योगायोग अमुक लाखांत एकदाच घडतो. हे ‘अमुक लाख’ कोणत्या लोकांना मोजून आले, हा प्रश्न महाराष्ट्राने आता विचारायला हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आहे. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे तिने टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले आहे. न्यायालयांत डीएनए अहवालांची रीघ लागणार, हे उघड आहे.

डीएनएच्या ठरावीक जागांवर काही अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा येतात, ते माणसागणिक बदलते. प्रयोगशाळा अशा पंधरा-वीस खुणा तपासते, प्रत्येक खूण लोकसंख्येत किती जणांत आढळते ते तक्त्यावरून पाहते आणि त्या प्रमाणांचा गुणाकार करते. समजा, तक्ता म्हणतो की एकेक खूण दहांत एकाकडे असते, पण संशयिताच्या समाजात ती पाचांत एकाकडे आहे. पंधरा खुणा मिळाल्या तर दोन्ही हिशेबांनी उत्तर इतके दुर्मीळ येते की निकाल सहसा बदलणार नाही. पण उन्हापावसात पडलेल्या डागातून पाचच खुणा हाती लागल्या तर? तक्ता सांगेल लाखात एक. खरे उत्तर असेल 3,125 मध्ये एक. मोठ्या गावात एवढ्याने एकच माणूस उरत नाही. त्यात सख्ख्या भावांची एखादी खूण आई आणि वडील या दोन्ही बाजूंनी सारखी असण्याची शक्यता किमान चारांत एक असते. चुलत आणि आतेमामे भावंडांत ती कमी असते, पण परक्या माणसापेक्षा जास्तच. म्हणून संशयिताचे भाऊबंद त्याच आळीत राहत असतील, तर परक्या माणसाशी केलेला हिशेब पुरत नाही. खुणा जुळल्याच नाहीत तर मात्र कोणताही तक्ता लागत नाही, माणूस सुटतो. तक्ता लागतो तो माणसाला अडकवताना, आणि म्हणूनच तो चोख हवा.

अशा तक्त्याचा पाया आपल्याकडे आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1968 मध्येच दाखवले होते की ‘ब्राह्मण’ या एका नावाखाली येणारे, आपापसातच लग्ने करणारे आठ गट जैविकदृष्ट्या एकसारखे नाहीत. या शतकाच्या सुरुवातीला एस. गायकवाड आणि व्ही. के. कश्यप यांनी देशस्थ, चित्पावन, मराठा आणि धनगर या चार समाजांतील डीएनए खुणांचे प्रमाण प्रसिद्ध केले. समाजासमाजांतले फरक लहानच असतात, बहुतेक वैविध्य प्रत्येक समाजाच्या आतच असते, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. पण चार समाज म्हणजे महाराष्ट्र नव्हे. भिल्ल, वडार, कैकाडी आणि मुख्य म्हणजे पारधी यांचेही प्रमाण तक्त्यात हवे.

पारध्यांचे नाव मुद्दाम घेतो. 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती 1952 मध्ये मुक्त झाल्या, पण अहिल्यानगर जिल्ह्यात चोरी-दरोडा झाला की पोलिसांची गाडी आजही आधी पालावर वळते. भोकरदनजवळच्या 2003 च्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ज्यांच्यावर संशय सर्वांत आधी जातो, त्यांचेच प्रमाण तक्त्यात नसावे, हे आम्हाला मान्य नाही.

यावर एक रास्त भीती व्यक्त होईल: समाजवार डीएनए गोळा करणे म्हणजे जातीवर नवा शिक्का नव्हे का? ती टाळायची तर नमुने स्वेच्छेने आणि निनावी घ्यावेत, त्यांची नोंद पोलिसांच्या हाती मुळीच जाऊ नये आणि केवळ प्रमाणे छापावीत. अटक झालेल्यांचा डीएनए साठा वेगळा आणि हा तक्ता वेगळा, अशी भिंत कायद्यानेच घालावी लागेल. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आले आणि 2023 मध्ये मागे घेतले गेले. त्यामुळे आज ती भिंत नाही.

गृह विभागाने कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाला समाजवार तक्ता तयार करण्याचे काम विद्यापीठांच्या साथीने सोपवावे. तोवर प्रत्येक अहवालावर तीन गोष्टी छापाव्यात: कोणता तक्ता वापरला, तो किती जणांच्या नमुन्यांवर बेतला आहे आणि संशयिताच्या सख्ख्या भावाशी जुळण्याची शक्यता किती. बचाव पक्षाच्या वकिलाने मागण्याची वाट न पाहता.