दारिद्र्यातून जन्मलेला सूर? एका लाडक्या दंतकथेची उलटतपासणी

#थ्रेड

१/ सन १९६४. इटलीत तयार झालेला, सुमारे २ लाख डॉलर खर्चाचा एक वेस्टर्न चित्रपट. शीर्षकसंगीतात शीळ, चाबकाचा फटकारा, ऐरणीवरचा घाव, घंटा आणि इलेक्ट्रिक गिटार. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’चे हे संगीत कसे जन्मले याची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा निरुपद्रवी नाही.

२/ कथा अशी: मोठ्या वाद्यवृंदासाठी पैसा नव्हता, म्हणून संगीतकार एन्निओ मोरिकोने यांनी हाताशी लागेल त्यातून संगीत उभे केले. थोडक्यात, गरज ही शोधाची जननी. ऐकायला गोड, सांगायला सोपी.

३/ एखाद्या घटनेचे कारण कोणी सांगितले, की इतिहासाच्या अभ्यासकाने पहिला प्रश्न विचारावा: हेच कारण अन्यत्र हजर असताना हाच परिणाम घडला होता काय? येथे ही कसोटी लावण्याची दुर्मीळ सोय आहे. कारण हा मोरिकोने यांचा पहिला वेस्टर्न नव्हता.

४/ १९६३ मध्ये रिकार्दो ब्लास्को यांच्या ‘दुएल्लो नेल टेक्सास’ला त्यांनी संगीत दिले. तोही अल्प खर्चाचाच चित्रपट. पण संगीत हॉलिवूडच्या वळणाचे: इंग्रजी शीर्षकगीत, भारदस्त पुरुषी आवाज. ‘हाय नून’ (१९५२) पासून दिमित्री टिओमकिन यांनी रुळवलेला हाच साचा होता.

५/ दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांना ते संगीत मुळीच आवडले नव्हते. पुढे त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, ही टिओमकिन यांची वाईट नक्कल आहे असे त्यांनी मोरिकोने यांना तोंडावर सुनावले. मोरिकोने यांनी ते शांतपणे मान्य केले. निर्मात्यांची मागणीच तशी होती!

६/ दुसरा पुरावा अधिक बोलका आहे. १९६४ मध्येच, ‘फिस्टफुल’च्याच निर्मितीसंस्थेने मारिओ कायानो यांचा ‘ले पिस्तोले नोन दिस्कुतोनो’ काढला. संस्थेची भिस्त त्याच्यावर होती; लिओने यांचा चित्रपट हे त्याचे स्वस्तातले धाकटे भावंड. संगीतकार तेच, वर्ष तेच. आणि संगीत? पुन्हा परिचित अमेरिकी थाटाचे, पीटर टेव्हिस यांनी गायलेले गीत.

७/ हॉलिवूडच्या तुलनेत तिन्ही चित्रपट गरीबच. तरीही तो सूर एकाच चित्रपटात उमटला. म्हणजे पैशाची टंचाई हे त्याचे पुरेसे कारण ठरत नाही. मग तो आला कुठून?

८/ त्याचे उत्तर रोममध्ये आहे. मोरिकोने यांचा जन्म १९२८ चा, वडील ट्रम्पेटवादक. सांता चेचिलिया या संगीतविद्यालयात त्यांनी आधी ट्रम्पेटची पदविका घेतली आणि १९५४ मध्ये गोफ्रेदो पेत्रास्सी यांच्या हाताखाली संगीतरचनेची. पुढे चरितार्थासाठी ते आरसीए या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या इटालियन शाखेत लोकप्रिय गाण्यांचे संयोजन करू लागले.

९/ संयोजक म्हणजे चालीभोवती वाद्यांचा संसार मांडणारा माणूस. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा या गोमंतकीय कलावंताने शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी जे केले, तेच हे काम. गाणे जगभर पोहोचते, संयोजकाचे नाव बहुधा मागेच राहते.

१०/ या कामात मोरिकोने गोंगाटाला वाद्याचा दर्जा देत होते. १९६० च्या ‘इल बाराट्टोलो’ या गाण्यात गडगडणाऱ्या पत्र्याच्या डब्याचा आवाज आहे. १९६२ च्या ‘पिन्ने, फुचिले एद ओक्यालि’मध्ये पाण्याचा छपाका आहे. दोन्ही ठिकाणी ना घोडे, ना पिस्तुले, ना वाद्यवृंदाची टंचाई.

११/ निर्णायक पुरावा १९६२ चाच. वुडी गथ्री यांचे ‘पाश्चर्स ऑफ प्लेंटी’ (१९४१) हे गीत पीटर टेव्हिस यांनी रोममध्ये ध्वनिमुद्रित केले. गीताचा विषय: पिकामागे गावोगाव भटकणारे अमेरिकेतील स्थलांतरित शेतमजूर. संयोजन मोरिकोने यांचे. चाबूक, हातोडा, घंटा, सगळे त्यात आहेच.

१२/ लिओने यांनी ही ध्वनिमुद्रिका ऐकली आणि त्यांना हेच हवे झाले. टेव्हिस यांचा आवाज वगळण्यात आला. रिकाम्या जागी आली अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची शीळ, गिटारही त्यांचीच. ‘गरिबीने घडवलेले’ शीर्षकसंगीत चित्रपटाच्या दोन वर्षे आधी जवळजवळ तयार होते.

१३/ अखेरच्या द्वंद्वाचेही तसेच. लिओने यांना ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) मधील टिओमकिन यांची ट्रम्पेटची धून वापरायची होती. मोरिकोने यांनी नकार दिला. युजीन ओ’नील यांच्या सागरी नाटकांसाठी पूर्वी रचलेली एक अंगाई त्यांनी काढली आणि तिला त्या धुनेच्या थाटात बसवले. ट्रम्पेट वाजवला मिकेले लाचेरेंझा यांनी.

१४/ मग टंचाईने काहीच केले नाही काय? केले. बड्या स्टुडिओने कदाचित साठ वादकांचा आग्रह धरला असता. येथे मात्र सारा मामला अमेरिकी मुखवट्याचा: लिओने ‘बॉब रॉबर्टसन’, मोरिकोने ‘डॅन सॅव्हिओ’. अशा चित्रपटात विचित्र सूर खपून जाणे सोपे होते. टंचाईने वाट मोकळी ठेवली, एवढे श्रेय तिला द्यावे. निर्मितीचे नव्हे.

१५/ हा भेद महत्त्वाचा का? पहिले कारण: दंतकथा माणसे गिळते. अलेस्सांद्रोनी, लाचेरेंझा, टेव्हिस, गथ्री यांच्या जागी ‘गरिबी’ नावाची एक अमूर्त देवता बसवली जाते. शेतमजुरांचे गीत एका बंदूकबाजाची ओळख बनले, हा विलक्षण प्रवासही तिच्या आड दिसेनासा होतो.

१६/ दुसरे कारण अधिक गंभीर. या संगीताचा खर्च झालाच होता, फक्त चित्रपटाच्या हिशेबात तो दिसत नाही. विद्यालयातील वर्षे, पेत्रास्सींसारखा गुरू, सुसज्ज ध्वनिमुद्रणगृह, प्रयोग करत असतानाही हाती पडणारे मानधन: हा खर्च आधीच कोणीतरी सोसला होता. २ लाख डॉलरच्या चित्रपटाला तो आयता मिळाला.

१७/ ‘अभावातूनच कला फुलते’ हे वाक्य म्हणूनच जपून उच्चारावे. कलावंताच्या तोंडी ते शोभते; विद्यालयाचे अनुदान कापणाऱ्याच्या किंवा वादकाचे मानधन बुडवणाऱ्याच्या तोंडी ते सोयीची सबब ठरते. इतिहास त्या सबबीला दुजोरा देत नाही.

१८/ या संगीताला १९६५ मध्ये इटलीतील चित्रपट-पत्रकारांचा ‘नास्त्रो द’अर्जेंतो’ पुरस्कार मिळाला. खुद्द मोरिकोने यांना मात्र आपले हे काम उत्तरायुष्यात फारसे मोलाचे वाटत नसे. स्पर्धात्मक ऑस्कर त्यांना २०१६ मध्ये मिळाले, तेही एका वेस्टर्नसाठीच: ‘द हेटफुल एट’.

१९/ पडताळा स्वतःच्या कानांनी घ्यावा. ऐकण्याचा क्रम असा: ‘दुएल्लो नेल टेक्सास’चे शीर्षकगीत ‘अ ग्रिंगो लाइक मी’, मग कायानो यांच्या चित्रपटातील ‘लोनसम बिली’, मग टेव्हिस यांचे ‘पाश्चर्स ऑफ प्लेंटी’ आणि शेवटी ‘फिस्टफुल’चे शीर्षकसंगीत. तिसऱ्यावरून चौथ्याकडे जाताना फक्त एक आवाज गळतो आणि एक शीळ येते.

(समाप्त)