घोडा, चिक्की आणि आठ नोव्हेंबर

डोंबिवलीकराला फिरायला जायचं म्हटलं की दोनच नावं आठवतात, माथेरान नाहीतर माळशेज. (गोव्याचा प्लॅन फक्त ग्रुपवर होतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे!) २०१६ साली मी सहावीत होतो. १२, १३, १४ नोव्हेंबर असा शनिवार, रविवार आणि गुरुनानक जयंतीचा सोमवार जोडून आलेला. बाबांनी महिनाभर आधी माथेरानला लॉज बुक केलं होतं. आणि मंगळवारी ८ तारखेला रात्री ८ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले. मध्यरात्रीपासून ५०० आणि १००० च्या नोटा बाद!

देशातल्या चलनी नोटांची ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती, हे नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळलं, की बाबांनी सहलीसाठी काढून ठेवलेले पैसे आता सहलीत चालणार नाहीत. ११ ला एटीएम उघडली तर एका कार्डावर दिवसाला २००० ची मर्यादा, आणि बाबांचा नंबर यायच्या आत मशीन रिकामं. नव्या नोटांचा आकारच वेगळा, त्यामुळे देशातल्या दोन लाखांवर एटीएमचे कप्पे एकेक करून बदलावे लागले. आपल्याकडे साधा मिनी प्रोजेक्ट दाखवायला गेलं तरी सर विचारतात, टेस्टिंग केलं का? असो. शेवटी आजीने डाळीच्या डब्यातून शंभराच्या १४ नोटा काढल्या आणि आम्ही कर्जत लोकल पकडली.

नेरळहून गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढे तेव्हा पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जावं लागायचं. मिनी ट्रेन त्या वर्षी मे महिन्यापासून बंद, म्हणजे एरवी घोडेवाल्यांची चांदी! पण त्या शनिवारी घोडे ओळीने नुसते उभे. आजीचे गुडघे दुखतात म्हणून तिच्यापुरती हातरिक्षा केली, बाकी आम्ही चालत. मला घोडा हवा होता, मी रस्त्यातच भोकाड पसरलं. एक घोडेवाला म्हणाला, "बसू द्या की पोराला, पैसे पुढच्या खेपेला द्या." बाबांना उधारी पटेना. लॉजचं बिल मात्र त्यांनी चेकने दिलं आणि मालकाने घेतलंही. मग कापलं गेलं ते काय? घोडा, चिक्की, मक्याचं कणीस...

माझा मुद्दा नेमका हाच आहे. नोटाबंदीने पर्यटनाला काही झालं नाही म्हणणारे सरकारी आकडा दाखवतात: नोव्हेंबर २०१६ मध्ये भारतात आलेले परदेशी पर्यटक आदल्या नोव्हेंबरपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी वाढले. आकडा खोटा नाही. पण त्या माणसाने तिकीट आणि हॉटेल कधीच बुक केलेलं असतं, तो येणारच. आल्यावर काय? नोव्हेंबरच्या शेवटी तर परदेशी पाहुण्याला आठवड्याला ५००० रुपयांपुरतंच चलन बदलून मिळेल, असा नियम होता. कार्ड चालतं तिथे तो जेवला असेल, चालत नाही तिथून पुढे गेला असेल. घोड्यावर न बसलेला माणूस कुठल्याच आकड्यात येत नाही.

शिवाय पर्यटनाचा धंदा विजेसारखा आहे, इलेक्ट्रिकलवाल्यांना पटेल. तयार झाली त्याच क्षणी वापरली तर वापरली. फ्रिज घ्यायचा राहिला तर माणूस जानेवारीत घेतो. १२ नोव्हेंबरची न झालेली घोड्याची फेरी जानेवारीत दोनदा होत नाही. घोडा मात्र रोज खातो!

"पण त्यामुळेच आज सगळीकडे क्यूआर कोड आला ना?" असं आमच्या कट्ट्यावर कुणीतरी हमखास म्हणतं. आला, मान्य. पण त्या सीझनमध्ये तो दस्तुरीला नव्हता. आणि फक्त चार तासांची मुदत कशाला, तर काळा पैसा पळून जाऊ नये म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे बाद नोटांपैकी ९९.३ टक्के रक्कम बँकांत परत आली. मग ती घाई कुणासाठी होती? १९ मे २०२३ ला, ऐन सुट्टीच्या सीझनमध्ये, २००० ची नोट मागे घ्यायचं जाहीर झालं. बदलायला ३० सप्टेंबरपर्यंत वेळ दिला, पुढे तो आणखी वाढवला, आणि नोट कायदेशीर चलन म्हणून कायम ठेवली. ती नोट लोकांकडे फारशी नव्हती हे खरं, तरी चार तास आणि चार महिने यांत फरक आहेच की नाही?

गेल्या डिसेंबरमध्ये व्हायवा संपल्यावर आम्ही सातजण पुन्हा माथेरानला गेलो. दस्तुरीला एका घोडेवाल्याकडे २०१६ चा विषय काढला. तो म्हणाला, "तेव्हा दोन होते, आता हा एकच." मग लगाम सावरत विचारलं, "बसताय का? ऑनलाइन चालेल." खिशात झेरॉक्सपुरतेच पैसे उरले होते, पण मी बसलो.