टेबलावर समुद्र हवा, पण मासा नको

ऑफिसच्या टेबलावर खाऱ्या पाण्याचा छोटा टँक ठेवावा का? माझं उत्तर सरळ आहे. जरूर ठेवा आणि तो स्वतः बनवा. फक्त त्यात मासा सोडू नका. तुम्ही म्हणाल, "मासा नाही, मग बघायचं काय? नुसतं पाणी?" तिकडे येऊच.

समजा, तुमचं ऑफिस बहारीनमध्ये मआमीरला आहे. मआमीर हे सित्रा बेटाला लागून असलेलं किनाऱ्यावरचं गाव. जवळच 1936 पासून चालू असलेला बापकोचा तेलशुद्धीकरण कारखाना, आजूबाजूला वर्कशॉप आणि गोदामं. अरबीत 'बहारीन' म्हणजे दोन समुद्र. पण दिवसभर एसीत बसणाऱ्या माणसाला त्यातला एकही धड दिसत नाही. म्हणून टेबलावर थोडासा समुद्र असावा असं वाटणं अगदी साहजिक आहे.

आता तुमचा आठवडा बघा. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ऑफिस सुटतं, ते रविवारी सकाळी आठला उघडतं. मधे 63 तास जातात. बऱ्याच ठिकाणी तेवढा वेळ एसी बंद असतो. बाहेर जुलै-ऑगस्टचं ऊन, आत दहा लिटर पाणी! मोठ्या टँकचं पाणी हळूहळू तापतं, छोट्याचं भराभर तापतं. आणि पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. 'फाइंडिंग नेमो' हा सिनेमा 2003 साली आला आणि तो नारिंगी-पांढरा क्लाऊनफिश सगळ्यांच्या ओळखीचा झाला. नीट सांभाळला तर हा मासा दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. त्याला दहा लिटरच्या डब्यात ठेवायचं आणि दर शुक्रवारी-शनिवारी उकाड्यात सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. तसल्या ठिकाणी माशांकडे बघायला पगारी माणसं असतात. तुमच्या टेबलाकडे सुट्टीच्या दिवशी कोण बघणार? सफाईला येणाऱ्या भाऊंवर हे काम परस्पर ढकलू नका. त्यांना आधीच कामं कमी नाहीत.

मग टँकमध्ये ठेवायचं काय? जिवंत दगड. म्हणजे समुद्रातला सच्छिद्र दगड, ज्याच्या भोकाभोकांत जिवाणू आणि बारीकसारीक जीव राहतात. दहा-बारा लिटरची काचेची पेटी, थोडी वाळू, किलोभर असा दगड, छोटा पंप, एलईडी दिवा आणि झाकण एवढं पुरे. पाणी आरओचं घ्या आणि त्यात टँकसाठी मिळणारं समुद्री मीठ लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम घाला. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे पुरेसं नसतं. पंपाची वायर बोर्डापेक्षा खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खालीच ठिबकेल. कॉम्प्युटर लांब ठेवा, हे सांगायला नकोच.

यानंतर चार ते सहा आठवडे नुसती वाट बघायची. लोक चुकतात ते इथेच. दगडावरचं काहीबाही कुजतं आणि पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं. हे जिवाणू पुरेसे वाढले की मगच एखादी गोगलगाय आणि शंखात राहणारा छोटा खेकडा आणायचा. तेही जीवच आहेत, त्यांनाही उकडतं. पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरच्या जातींना असे चढउतार जास्त सोसतात. सुट्टीत एसी 27 वर चालू ठेवायची परवानगी मिळाली तर त्यांना आणा. नाहीतर दगड आणि शेवाळावरच थांबा.

पाणी कमी झालं की मात्र नेहमी साधं आरओचं पाणी घाला, खारं नको. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. दहा लिटरमधलं एक लिटर उडालं, तर लिटरला 35 ग्रॅम असलेलं मीठ जवळपास 39 ग्रॅमवर जातं. गंमत म्हणजे बाहेरच्या आखातात हेच घडतं. ते उथळ आहे, सरासरी 35 मीटर खोल. ऊन कडक, नद्यांचं पाणी थोडं आणि मोठ्या समुद्राकडे जायला होर्मुझची एकच अरुंद वाट. म्हणून बहारीनच्या आसपास समुद्राचं मीठ लिटरला 40 ग्रॅमच्याही वर असतं. हा हिशोब टेबलावर बसून रोज डोळ्यांनी दिसतो, आणि त्यासाठी मासा लागत नाही.

किनाऱ्यावरून दगड, शंख, खेकडे उचलून आणायचा मोह होईल. आणू नका. मआमीरच्या उत्तरेला तुबलीची खाडी आहे. 1997 पासून तिचं नाव पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. तिथे तिवरांची झाडं आहेत. तरीही भराव टाकून टाकून ती खाडी खूप आकसली आहे. तिच्यातून आपण आणखी काही काढून घ्यायची गरज नाही. उलट, कंटाळा आला म्हणून टँकमधले जीव समुद्रातही सोडायचे नाहीत. दुकानातले जीव कुठल्या समुद्रातून आलेत, हे आपल्याला माहीत नसतं.

आणि बघायचं काय? गोगलगाय काचेवरून जाते तेव्हा तिच्यामागे हिरव्या थरातून स्वच्छ वाट उमटते. काही आठवड्यांनी दगडावर जांभळे डाग पसरायला लागतात. ते एक प्रकारचं शेवाळच असतं. संध्याकाळी दिवा मालवला की भोकांतून बारीक किडे बाहेर येतात. खेकडा मोठा झाला की जुना शंख सोडून नव्या शंखात शिरतो. हे काही क्षणांत होतं, त्यामुळे मीटिंगमध्ये असाल तर हुकेल. त्याच्यासाठी जरा मोठे दोन-तीन रिकामे शंख वाळूवर आधीच ठेवून द्या.